लेकीच्या गावी पाहुणे

कोरियाहून आल्यापासून आमच्या गल्लीतल्या पोरी माझ्याशी फार प्रेमानं वागायला लागल्यात. एरवी "काकू, पाणी आलं का?" यापलीकडं ज्या कधी बोलल्या नाहीत, त्या आता येऊन पायरीवर बसतात. मोबाईलवर मालिका बघून बघून त्यांनी सोल शहर पाठ केलंय. राजवाड्यात गेलात का, टॉवरवर चढलात का, तिथली कुलपं बघितली का, बाजारात गरम बाकड्यावर बसून खाल्लंत का? मी म्हणते, सगळं बघितलं. मग त्या एकमेकींकडं बघून उसासे टाकतात. एकीनं तर विचारलं, "काकू, मग तुम्ही परत कशाला आलात?" तिला काय सांगणार? मी म्हटलं, "कुकर लावायचा राहिला होता."

खरं सांगायचं तर मी सोल बघायला गेलेच नव्हते. आम्ही दोघं गेलो होतो ते लेकीला घरी परत आणायला. हे मी त्या पोरींना सांगत नाही. एवढ्या झगमगाटातून कुणी कुणाला उचगावला परत आणतं का, असं म्हणून हसतील.

मी प्राथमिक शाळेत बाई होते आणि आमचे हे एस.टी.त कंडक्टर. माझं माहेर कोडोली, यांचं गाव मुरगूड, आणि दोघांच्या नोकऱ्या सांभाळता सांभाळता घर बांधलं ते उचगावात. लेक एकच. पहिल्यापासून अभ्यासाची. तिला पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळाली तेव्हा यांनी डेपोत पेढे वाटले आणि "डॉक्टर म्हंजे सुया टोचणारी न्हवं, त्याच्या वरची" असं एकेकाला थांबवून समजावून सांगितलं.

आमच्या कोल्हापुरात आता एक रीतच पडून गेलीय. पोरं इथं डॉक्टरेट करतात, काचेवर कसले कसले पातळ थर चढवतात, उन्हातून वीज काढतात आणि मग पुढच्या संशोधनाला म्हणून कोरियाला जातात. आधी गेलेला मागच्याला बोलावून घेतो. तिकडच्या काही प्रयोगशाळांत म्हणे दुपारी डबे उघडले की लसणाच्या चटणीचा घमघमाट सुटतो. इथल्या आईबापांना त्याचा केवढा अभिमान! मलाही होता. जाणारं प्रत्येक पोर वर्षा-दोन वर्षांसाठी म्हणूनच जातं.

आमची लेक तर आधी जायलाच तयार नव्हती. तिला इथल्याच कॉलेजात शिकवायचं होतं. दोन-तीन ठिकाणी मुलाखती दिल्या. एक मुलाखत इतकी छान झाली की येताना ती स्वतःच पेढे घेऊन आली. मग काही दिवसांनी त्या संस्थेतर्फे एक गृहस्थ घरी आले. चहा घेतला. भिंतीकडं बघितलं. बुद्धाची मूर्ती, शेजारी निळ्या कोटातला तो फोटो. बघून म्हणाले, "तुमच्यातली पोरगी एवढी शिकली, कौतुक वाटतं." आणि मग देणगीचं बोलले. हे मुरगूडचं शेत विकायला निघाले होते. लेकीनं अडवलं. म्हणाली, "पप्पा, हुंडा देऊन नांदायला पाठवल्यागत वाटंल मला." त्याच पावसाळ्यात ती कोरियाला गेली.

त्यानंतर दर वर्षी ती फोनवर सांगायची, अजून एक वर्ष वाढवलंय. आम्ही दर वर्षी माना डोलवायचो. मधल्या काळात यांनी घरावर मजला चढवला, तिच्यासाठी. भिंतीत पुस्तकांचं मोठं कपाट करून घेतलं. रिकामंच आहे ते. वाळवी लागली का म्हणून हे रोज सकाळी वर जाऊन त्याची दारं उघडून बघतात.

आणि मग बातमी आली, प्राध्यापकांच्या जागा निघाल्यात. डेपोतल्या जुन्या मित्राचा भाचा कुठल्याशा कॉलेजात आहे, त्यानं सांगितलं की तिच्या विषयाचीही एक जागा आहे. यांनी जाहिरात तीनतीनदा वाचून घेतली माझ्याकडून. अर्जाची शेवटची तारीख महिन्यावर होती. मी म्हटलं, लावा फोन. तर म्हणाले, "फोनवर नको. फोनवर ती घाईत असती. व्हय-व्हय म्हणंल आणि ठेवंल. समोर बसून बोलू." गेली दोन वर्षं ती या, या म्हणून मागं लागलीच होती. तिकिटं तिनंच काढली. कधी नव्हे ते यांनी पासपोर्टवरची धूळ झटकली. मी शेंगदाण्याची चटणी, तिखट आणि तिच्या आवडीचं मेतकूट करून घेतलं. बघायची ठिकाणं आमच्या डोक्यातसुद्धा नव्हती. तिला समोर बसवायचं, बोलायचं, अर्ज भरायला लावायचा, एवढंच ठरलं होतं.

पण समोर बसायला मिळालं तर ना!

लेकीनं सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. कुठल्या दिवशी काय बघायचं, कुठं जेवायचं, कुठं खरेदी. तिची खोली एवढीशी, पलंग आणि गॅस एकाच भिंतीला. पण जमीन खालून गरम होणारी. थंडीत त्या गरम जमिनीवर अंथरुणं टाकून तिघं झोपायचो. सकाळी डोळे उघडावेत तर ही तयार होऊन उभी. "आई, आवर. पप्पा, जाड जर्किन घाला. गाडी चुकंल."

पहिल्या दिवशी राजवाडा. तिथं एक गंमत असते. त्यांच्या जुन्या पद्धतीचे कपडे भाड्यानं घालून गेलं की आत तिकीट लागत नाही. लेकीनं आम्हा दोघांना नटवलं. मला छातीपासून खाली फुगणारा गुलाबी घागरा, यांना लांब अंगरखा आणि वर काळी, जाळीची, उंच टोपी. आरशात बघून हे म्हणाले, "मुरगूडच्या बाजारात असा गेलो तर बैलं उधळतील." लेक पोट धरून हसली. तिचं ते हसणं मी किती वर्षांनी समोरासमोर बघत होते. फोनवर हसते, पण फोनवर हसणारं माणूस आपल्याला हसून दाखवत असतं. राजवाड्याचं अंगण प्रचंड होतं, मागं डोंगर, लाल-पिवळी झाडं. पहारेकरी ढोल वाजवत आले, बदलले, गेले. मी बघत होते लेकीकडं. केसांत दोन-चार पांढरे दिसायला लागले होते.

जेवताना बोलू, असं यांनी मला खुणेनं सांगितलं. जेवायला गेलो तर दुकानाबाहेर रांग, आत चिकटून चिकटून बाकडी, आणि कढत रश्श्याची वाडगी समोर येईपर्यंत पुढच्या ठिकाणची वेळ झालेली. "टॉवरवर बोलू," असं म्हणाले. टॉवरवर गेलो तर कठड्याला हजारो कुलपं लटकवलेली. पोरंपोरी येऊन आपली नावं लिहून कुलूप लावतात आणि किल्ली फेकून देतात. प्रेम टिकावं म्हणून. "एस.टी.चा डेपो असता तर सगळी कापून भंगारात घातली असती," हे म्हणाले. खाली दिव्यांचा नुसता समुद्र. लेक बोट दाखवून सांगत होती, ती नदी, तो पूल, तिकडं माझं ऑफिस. ऑफिस म्हणाली, लॅब नाही, हे मला खटकलं. पण मी विचारलं नाही, आणि यांच्या ते ध्यानात आलं नाही.

मेट्रोत मात्र हे खुलायचे. कार्ड टेकवलं की फाटक उघडतं, तिकीट कापायला कुणीच नाही. "आमच्यासारख्यांच्या पोटावर पाय आणला म्हणायचा ह्यांनी," असं म्हणायचे, पण डोळे कौतुकानं भरलेले. डब्याच्या टोकाला म्हाताऱ्या माणसांच्या राखीव जागा असतात. गर्दी कितीही असो, तरणं पोर तिथं बसत नाही. यांचा सगळा जन्म राखीव जागेवरच्या माणसाला उठवण्यात आणि त्याच्याशी भांडण्यात गेला. त्या रिकाम्या जागेकडं बघत हे उभेच राहायचे. लेक म्हणायची, "पप्पा, बसा की, तुमचीच जागा हाय." पण हे बसायचे नाहीत. म्हणायचे, "बघू दे जरा. रिकामी राहती कशी, ते बघू दे."

बाजारात गेलो तेव्हा मला उलगडा झाला.

मोठं छत, खाली खाण्याच्या गाड्याच गाड्या. बायका बसल्या होत्या, तव्यावर मुगाची जाड धिरडी तेलात खरपूस होत होती. आपलंच धिरडं, फक्त कांदा-मिरचीऐवजी कसल्या कसल्या भाज्या घातलेल्या. दगडी जात्यावर मूग भरडत होते. ते जातं बघून मी तिथंच थबकले. लेक म्हणाली, "ह्याच्यासाठीच आणलंय तुला." बाकड्यावर बसलो तर बाकडंच गरम, खालून वीज लावलेली. लेकीनं धिरडं मागवलं, शेवया मागवल्या, आणि मागवताना ती बाईला जे बोलली, हसली, वाडगं पुढं केलं, त्यात एक सफाई होती. मग ती आमच्याकडं वळली आणि म्हणाली, "हे इथलं प्रसिद्ध. कोल्हापुरात तांबडा-पांढरा तसं. आणि उद्या चेहऱ्याच्या क्रीमांचा बाजार, आई. सगळे तिथनंच नेतात."

सगळे म्हणजे कोण? पाहुणे. पावणं.

आमच्याकडं पावणं आलं की एक फेरी ठरलेली असते. अंबाबाई, रंकाळा, दुसऱ्या दिवशी पन्हाळा-जोतिबा, दुपारी तांबडा-पांढरा रस्सा, संध्याकाळी चपलांची गल्ली, जाताना गुळाची ढेप. उभ्या आयुष्यात ही फेरी मी किती वेळा मारली असेल! देवळात हे आत जात नाहीत. पाहुणे दर्शन घेऊन येईपर्यंत आम्ही दोघं बाहेर त्यांच्या चपला राखत बसायचो. फेरी झाली की पाहुणे खूश, आम्हीही मोकळे. आदरातिथ्यात कसूर नाही आणि कुणी कुणाच्या संसारात डोकावलंही नाही. घरच्या माणसाला मात्र कुणी रंकाळा दाखवत नाही. घरच्या माणसाला आपण भाजी निवडायला बसवतो.

त्या गरम बाकड्यावर बसून मला कळलं की माझी लेक आम्हाला तीच फेरी घडवतेय. ती यजमान आहे, हे तिचं गाव आहे, आणि आम्ही तिचे पावणं. हातातलं धिरडं मी परत ताटलीत ठेवलं. "तिखट लागलं का?" तिनं विचारलं. मी मान हलवली. मीठसुद्धा कमी होतं त्यात.

यांना मी काही बोलले नाही. यांना अजून आशा होती. रोज सकाळी मला हळूच म्हणायचे, "आज बोलतो." क्रीमांच्या बाजारात पोरी हातात फुकटची पाकिटं कोंबत होत्या, यांच्यासुद्धा. तिथं काय बोलणार? मग आगगाडीनं समुद्रकाठच्या शहरात नेलं तिनं. मासळीचा बाजार, हौदांतून वळवळणारी, नाव-गाव माहीत नसलेली जनावरं, रबरी बूट घातलेल्या दणदणीत आवाजाच्या बायका. त्यांचा आवाज ऐकून मात्र मला आपल्या मंडईत आल्यासारखं वाटलं. डोंगरावर चढत गेलेली रंगीत घरं दाखवली. कधीकाळी लढाईत घरदार सोडून पळून आलेली गरीब माणसं तिथं वस्तीला राहिली होती म्हणे. आता लोक फोटो काढायला येतात. हे एका पायरीवर बसून धापा टाकत म्हणाले, "आमच्या जुन्या वस्तीला बी रंग दिला तर पावणं येतील का गं?" लेकीनं यांना पाणी दिलं.

परतायच्या आदल्या संध्याकाळी जेवायला गेलो, तेव्हा यांचा धीर सुटला. टेबलातच मोठा लोखंडी तवा बसवलेला. त्यावर लालभडक मसाल्यातलं चिकन, कोबी, रताळी. लेक एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात कात्री घेऊन मांस कापत होती, परतत होती. तिथं स्वयंपाकघरात सुरी कमी आणि कात्रीच जास्त चालते. पहिला घास तिनं पानात गुंडाळून यांच्या तोंडात घातला. तशी तिथली पद्धत. यांनी तो चावला, गिळला, आणि म्हणाले, "बाळ, जागा निघाल्यात."

तिनं तव्यावरचं हलवणं थांबवलं नाही.

"जाहिरात बघितलीय मी, पप्पा."

"बघितलीस? मग? शेवटची तारीख जवळ आलीया."

"हितल्या कोल्हापूरच्या सगळ्यांनी बघितली. रविवारी जमलो होतो तेव्हा तोच विषय निघाला. कुठली जागा कुणासाठी काढलीय, ते बी सगळ्यांना ठाऊक हाय. आम्ही नुसतं हसलो."

"ह्या टायमाला तसं न्हाय म्हणत्यात."

"म्हणत्यात," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "पप्पा, मला हितं पक्की नोकरी लागलीय. लॅब सोडली मी. तुम्ही यायच्या आधीच झालं सगळं. समोरासमोर सांगणार होते, पण रोज वाटायचं, आज नको, आज चांगलं बघून होऊ दे."

म्हणजे तीही आमच्यासारखीच रोज उद्यावर ढकलत होती. तिघं जण तेवढ्यासाठी सगळा देश पालथा घालत होतो.

यांनी हातातलं पान खाली ठेवलं. मग म्हणाले, "आपल्या माणसांत असतीस."

"हितं मला कुणी आडनाव विचारत न्हाई, पप्पा. सांगितलं तरी त्यांना काय कळत न्हाई. परकी म्हणून नाक मुरडणारे हितं बी हायत, न्हाई असं न्हाई. पण त्यांना आम्ही सगळे सारखेच परके. माझ्यासोबत कामाला असलेली कोल्हापूरची देसायांची सून आणि मी, दोघींकडं एकाच नजरेनं बघतात." ती थांबली. "मला ते सोडवत न्हाई."

यांनी पुढ्यातली पानं तिच्याकडं सरकवली. चहा पिऊन गेलेला तो गृहस्थ आम्हा तिघांनाही तेव्हा आठवला असणार. पण माझं तोंड गप्प राहणारं नाही. मी म्हटलं, "आणि आम्ही?"

"तुम्ही या की दर वर्षी. तिकीट मी काढीन."

"दर वर्षी पावणं म्हणून यायचं व्हय?"

ते तिला लागलं. लागावं म्हणूनच मी बोलले होते. तिनं मान खाली घातली. तिचे डोळे भरले, आणि मला तिला जवळ घ्यावंसंही वाटलं आणि गदागदा हलवावंसंही वाटलं. तव्यात थोडा मसाला उरला होता. त्यात शेवटी भात घालून परततात. वाढणारी बाई भाताचं वाडगं घेऊन उभी राहिली होती, काय करू म्हणून. हे म्हणाले, "घाल म्हणावं भात. मसाला करपाय लागलाय." आम्ही तो भात खाल्ला. चांगला होता. तवा खरवडून खरवडून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी विमान संध्याकाळचं. सकाळी काय करायचं? रात्री इतकं होऊनही तिच्या कार्यक्रमातलं एक ठिकाण राहिलं होतंच. ती म्हणाली, "पप्पा, तुमच्यासाठी शेवटी ठेवलं होतं. बुद्धाचं देऊळ."

काचेच्या उंच इमारती, समोर भलामोठा मॉल, आणि रस्ता ओलांडला की ते देऊळ. रंगीत तुळया, कागदी कंदिलांच्या माळा, आत सोन्यासारखे चमकणारे तीन बुद्ध. यांनी बूट काढले, जर्किनची बटणं लावली, केस सारखे केले. आम्ही दोघांनी हात जोडून त्रिसरण-पंचशील म्हटलं, आपल्या विहारात म्हणतो तसं मोठ्यानं. शेजारची एक म्हातारी ऐकत राहिली आणि संपल्यावर आम्हालाच नमस्कार केला. मी इकडंतिकडं बघितलं. निळ्या कोटातला फोटो नव्हता. बुद्ध होता, पण एकटाच. आमच्या घरी तो कधी एकटा नसतो.

मग यांचं लक्ष बाकीच्या बायकांकडं गेलं. ओळीनं उशा मांडून त्या गुडघे टेकत होत्या, कपाळ जमिनीला लावत होत्या, उठत होत्या, पुन्हा टेकत होत्या. काहींच्या पुढ्यात पोरांचे फोटो. लेकीनं सांगितलं, आपल्या बारावीसारखी मोठी परीक्षा आलीय, त्यासाठी आया येतात मागणं मागायला. यांचा चेहरा उतरला. "हितं बी नवस?" म्हणाले.

यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली त्या दिवशी घरातले देव वेदगंगेत सोडले होते. तेव्हापासून त्या घरात कुणी कुणापुढं हात पसरला नाही. "बुद्ध वाट दाखवतो. देत काय न्हाय. मागायचं न्हाय त्येला," हे यांच्या वडिलांचं, यांचं, आणि लेक शाळेत जायला लागली तेव्हापासून तिचंही. दहावीला, बारावीला, डॉक्टरेटला, कधीही यांनी मूर्तीपुढं मेणबत्ती लावून काही मागितलं नाही. माझ्या माहेरी थोडं सैल होतं. मी एकदा काही म्हणायला गेले तर म्हणाले, "मागितलं तर भिकारी आणि त्यो सावकार. मग कशाला धर्म बदलला?"

देवळाबाहेर अंगणात एक टेबल होतं. त्यावर काळी, बाकदार कौलं रचून ठेवलेली आणि शेजारी पांढऱ्या शाईचे जाड पेन. लोक येत होते, कौलावर काहीतरी लिहीत होते. लेक म्हणाली, छप्पर शाकारतात तेव्हा ही कौलं वर चढवतात. ज्याचं जे मागणं असेल ते त्यावर लिहायचं, खाली नावं घालायची. वर्षानुवर्षं ते देवळावर राहतं. ती सांगत होती नेहमीसारखंच, पाहुण्यांना माहिती द्यावी तसं. पुढं जायला वळलीसुद्धा.

हे वळले नाहीत. टेबलापाशी गेले. टेबलामागं बसलेल्या बाईनं एक कौल पुढं सरकवलं. यांनी पेन उचलला. मला वाटलं, गंमत म्हणून बघतायत. पण हे वाकले, डाव्या हातानं कौल घट्ट धरलं आणि लिहायला लागले. आयुष्यभर हलत्या गाडीत लिहिणारा माणूस, स्थिर जमिनीवरही पाय रोवून उभा. अक्षरं मोठी, सावकाश. मी मनात म्हटलं, हे मागतायत. लेक परत यावी म्हणून माझ्या माणसानं आपल्या बापाचा शब्द मोडला.

मी वाकून वाचलं.

लिहिलं होतं, "माझी लेक इथे सुखात राहो." खाली स्वतःचं नाव. गाव, मुरगूड.

टेबलामागच्या बाईला ती लिपी नवी होती. तिनं कौतुकानं लेकीला काहीतरी विचारलं. काय लिहिलंय ते सांग, म्हणत असावी. इतके दिवस लेक आमच्या आणि त्या मुलखाच्या मधे उभी राहून इकडचं तिकडं बोलत आली होती, कुठंही अडखळली नव्हती. ती कौलावर वाकली. तिनं मराठीतच, मोठ्यानं वाचलं. बाई वाट बघत राहिली. लेकीचे ओठ हलले, पण त्या भाषेतला एकही शब्द तिच्या तोंडून निघेना. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

हे बावरले. "अगं, चुकलं का काय माझं? न्हाई चालत का असलं?" म्हणाले. तिनं नुसती मान हलवली आणि यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. यांना असं चारचौघांत जमत नाही. पेन धरलेला हात लांब ठेवून, तिच्या जर्किनला शाई लागू नये म्हणून, हे दुसऱ्या हातानं तिला थोपटत राहिले.

मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुझं बी नाव घालू न्हवं?"

"नको," मी म्हटलं.

"का गं?"

"तुमचं मागणं तुम्ही मागितलंय. माझं ते न्हाई."

यांनी वाद घातला नाही. पेनाला टोपण लावलं. बाईनं कौल उचलून बाकीच्या कौलांवर ठेवलं.

विमानतळावर हे शौचालयाकडं गेले तेव्हा आम्ही दोघीच उरलो. लेकीनं माझ्या पिशवीत क्रीमांची पाकिटं नीट लावली, पासपोर्ट वरच्या कप्प्यात ठेवला, गळ्याभोवती मफलर गुंडाळला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आई, पप्पांनी सोडलं मला. तू पण सोड की."

तिचं सगळं खरं होतं. तिथं ती ताठ चालते, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. इथं परत येऊन ती कुणाच्या दारात उभी राहील, कोण चहा पिऊन काय बोलून जाईल, तेही मला ठाऊक होतं. मी बाई होते शाळेत, मला बेरीज-वजाबाकी येते. तरीही माझ्या तोंडून 'सोडलं' हा शब्द निघाला नाही. अजूनही निघत नाही. आता अर्जाची तारीख उलटून गेली, गल्लीत कुणी विचारलं की हे म्हणतात, "तिचं तिकडं ब्येस चाललंय," आणि मी आत निघून जाते.

त्या दिवशी मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "न्हाई सोडत. तू रहा हितं, खा, पी, सुखात रहा. मी न्हाई सोडत."

तिनंही हात सोडवून घेतला नाही. हे परत आले, आणि म्हणाले, चला, नंबर लागलाय आपला.